शांताच्या घरी अद्भुत: विज्ञानकथेत आणि फँटसीत विस्मय कसा उतरवायचा

ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच माउली सांगतात, 'जेथ शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा'. हा विश्वरूपदर्शनाचा अध्याय. पुढे आकाश अपुरं पडणार आहे, काळाच्या जबड्यात सैन्यं शिरणार आहेत, अर्जुनाला दिशा कळेनाशा होणार आहेत. त्या सगळ्याआधी श्रोत्याला काय सांगितलं जातं? शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा म्हणून आला आहे आणि बाकीच्या रसांनाही त्याच्या पंगतीला बसण्याचा मान मिळाला आहे.

विज्ञानकथा किंवा फँटसी लिहू पाहणाऱ्याने ही ओवी लिहायच्या टेबलासमोर लावून ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. अद्भुत हा पाहुणा आहे. पाहुणा यायचा तर आधी घर हवं. त्या घरात रोजचं काहीतरी चाललेलं हवं, आणि पाहुणा दारात उभा राहिला की घरातल्यांचं बोलणं थांबायला हवं.

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी काही वर्षं वाचल्या. न जमलेल्या बहुतेक विज्ञानकथांचं आणि फँटसींचं दुखणं एकच होतं. पहिल्या परिच्छेदात दोन चंद्र, दुसऱ्यात बोलणारी झाडं, तिसऱ्यात जांभळा पाऊस. सगळे पाहुणेच, घरचं माणूस कोणी नाही. दोन चंद्रांखाली वाढलेल्या मुलाला दोन चंद्रांचं काहीच वाटत नाही आणि मग वाचकालाही वाटत नाही. कल्पना वाईट नसायच्या. काही तर इतक्या सुंदर असायच्या की कथा परत पाठवताना जीव हळहळायचा.

म्हणून इथे एकच कथा घेऊन ती पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी करून बघू. कथेचं बीज अगदी लहान आहे: राजापूर तालुक्यात, सड्याच्या म्हणजे कातळी पठाराच्या कडेला, वीस गुंठ्यांचं एक भातखाचर आहे आणि ते मोजणीत बसत नाही.

१. विस्मय, भय आणि कोडं वेगळी करा

भरताच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, अद्भुताचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेला भाव, विस्मय सांगितला आहे आणि भयानकाचा भय. दोन्ही रस अनोळखी गोष्टीपाशी सुरू होऊ शकतात, त्यामुळे लिहिताना त्यांची सरमिसळ होते. ओळखायची खूण सोपी आहे. घाबरलेलं पात्र मनात म्हणतं, 'आता माझं काय होणार?' विस्मित पात्र म्हणतं, 'हे आहे तरी काय?' पहिल्याचं लक्ष स्वतःकडे असतं, दुसऱ्याचं समोरच्या वस्तूकडे. तुमच्या कथेत अनोळखी गोष्ट दिसताक्षणी पात्र पळत सुटलं, तर तुम्ही भयकथा लिहिताय. ती लिहायला काहीच हरकत नाही, पण ठरवून लिहा.

कोडं हा तिसरा प्रकार. खून कोणी केला हे कळलं की कोडं संपतं, जीव भांड्यात पडतो. विस्मयाचं याच्या उलट आहे. उत्तर मिळालं की प्रश्न आणखी मोठा होतो. तुमच्या कथेच्या शेवटी उत्तर मिळाल्यावर जग पूर्वीएवढंच राहत असेल, तर ते कोडं होतं.

भरताने अद्भुताचे अनुभाव दिले आहेत, म्हणजे तो अंगावर कसा दिसतो ते. डोळे विस्फारणं, पापणी न लववता पाहत राहणं, रोमांच, अश्रू, घाम, हर्ष, हात आणि बोटं फिरवणं. तोंडून निघतं ते फार तर 'साधु, साधु' किंवा नुसता हाहाकार. नीट बघा, या यादीत वर्णन नाही. विस्मित माणूस भाषण करत नाही. म्हणून पहिला नेम असा करा की 'अद्भुत', 'अविश्वसनीय', 'कल्पनेपलीकडचं', 'शब्दांत सांगता येणार नाही असं' हे शब्द कच्च्या खर्ड्यातही लिहायचे नाहीत. ते लिहिले की काम झाल्यासारखं वाटतं, आणि काम तर सुरूच झालेलं नसतं.

२. घर मांडा: पात्राला काम द्या

आपल्या खाचरात कोण जाणार? मी आधी एक शास्त्रज्ञ पाठवून पाहिला. तो येताना इतकी उत्सुकता घेऊन आला की विस्मयाला शिरायला जागाच उरली नाही. मग मी भूकरमापक पाठवली, भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीला येणारी वनिता. तिला काही शोधायचं नाही. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या आहेत, दोघे आलेत, एक आलेला नाही. उन्हाच्या आत खुणा दाखवून तिला पुढच्या गावी जायचं आहे. खाचराचा मालक म्हातारा आहे, सगळे त्याला तात्या म्हणतात. तात्या तिला मॅडम म्हणतात आणि दर अर्ध्या तासाने चहाचं विचारतात.

हे काम तुम्हाला आतून माहीत असायला हवं. मोजणीची मशीन तिपाईवर लावतात, पातळीचा बुडबुडा मधोमध आणतात, दूरच्या कोपऱ्यावर मदतनीस प्रिझम धरून उभा राहतो. जुनं टिपण हातात असतं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. या गोष्टी वाचकाला शिकवायच्या नाहीत, त्या हातांच्या हालचालीतून दिसल्या पाहिजेत. वाचकाला या बाईवर आणि तिच्या मशीनवर विश्वास बसला की पुढचा सगळा डोलारा त्या विश्वासावर उभा राहतो. म्हणून या भागात घाई करू नका. दहा पानांची कथा असेल तर तीन पानं घरासाठी ठेवा.

नेहमीच्या कामातूनच अज्ञात कसं समोर येतं, याचं खरं उदाहरण १९६७ सालचं आहे. केंब्रिजमध्ये जोसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी एका रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासत होती. दुर्बीण म्हणजे साडेचार एकरांवर पसरलेल्या खांबांचं आणि तारांचं जाळं, तेही उभारायला ती स्वतः राबली होती. रोज ९६ फूट कागद यंत्रातून बाहेर पडायचा आणि तो सगळा तिने डोळ्यांनी पाहायचा. त्या कागदावर एका ठिकाणी इंचाहूनही कमी जागेत एक विस्कटलेली खूण होती. ताऱ्यासारखी नव्हती, जमिनीवरच्या उपकरणांच्या खरखरीसारखीही नव्हती. तिने ती सोडून दिली नाही. पुढे वेगाने कागद फिरवून नोंद घेतली तेव्हा दिसलं की दर १.३३ सेकंदांनी एक ठोका पडतोय, घड्याळासारखा.

या प्रसंगाची सगळी ताकद त्या ९६ फूट कागदात आहे. तो कागद नसता तर ती खूण दिसलीच नसती.

३. पहिली विसंगती लहान ठेवा आणि ती मोजता येऊ द्या

नवा लेखक इथे आकाश फाडतो. तसं करू नका. विसंगती इतकी लहान हवी की पात्राला आधी स्वतःचीच चूक वाटावी.

वनिता खाचराच्या तीन कोपऱ्यांवर मशीन लावते, तीन कोन वाचते, बेरीज करते. शाळेत शिकलेलं सगळ्यांना आठवतं: त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. तिची येते १८१.

एक अंश. ऐकायला काहीच नाही. पण मोजणी करणाऱ्याला विचारा. ही यंत्रं अंशाचा साठावा भाग, त्याचाही साठावा भाग, म्हणजे सेकंद वाचतात. एक अंश म्हणजे ३६०० सेकंद. इतकी चूक होत नसते. ज्याला हे कळतं त्याच्या अंगावर इथेच काटा येतो, आणि ज्याला कळत नाही त्याला वनिताच्या वागण्यातून कळवायचं असतं. ती बुडबुडा पुन्हा पाहते, बॅटरी बदलते, मदतनिसाला उगाच ओरडते आणि मग मशीनची जागा बदलून पुन्हा मोजते.

पात्राने सगळी साधी स्पष्टीकरणं स्वतः तपासून बाद केली पाहिजेत. हा भाग कधीही गाळू नका. बेलच्या बाबतीतही हेच घडलं. ती खूण माणसाने केलेल्या कुठल्या यंत्राची असेल तर आपल्या घड्याळाप्रमाणे यायला हवी. ती रोज चार मिनिटं आधी येत होती, कारण तारे २३ तास ५६ मिनिटांनी त्याच जागी परततात. म्हणजे तिचा उगम ताऱ्यांबरोबर फिरत होता. चार मिनिटांचा हा फरक वाचला की माझं मन आजही थरारतं. दार नुसतं किलकिलं झालं आहे आणि पलीकडे खोली नसून आकाश आहे, असं वाटतं.

कोकणातच कथा ठेवायची असेल तर जमीनही मदत करते. तिथल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. ती कोणी कोरली, कशासाठी, हे ठामपणे सांगता येत नाही. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या देहाच्या आत इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. देवाचे गोठणे इथल्या शिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. आता मोह होईल की हे सगळं कथेत घालावं. मी घातलं होतं आणि नंतर काढलं. खऱ्या गूढाचा आधार घेतला की आपलं लहान गूढ त्याखाली चिरडतं. वनिता कामावर येताना तो सडा ओलांडते, एवढं पुरे.

४. तुम्ही स्वतः सगळं ठरवा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून इथे जास्त वेळ थांबतो.

अज्ञात लिहायचं म्हणजे लेखकालाही माहीत नसलेलं लिहायचं, असा एक गैरसमज आहे. त्यातून धुकं तयार होतं. वाचकाला धुकं आणि खोली यांतला फरक लगेच कळतो. न सांगणं आणि न ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात, पात्राला काय कळतं. दुसऱ्यात, फक्त मला काय माहीत आहे. तिसऱ्यात, या कथेच्या जगात कोणालाच काय माहीत नाही, मलाही नाही. तिसऱ्या रकान्यात एकच वाक्य असावं. दोन झाली की कथा गळायला लागते.

आपल्या खाचराचा दुसरा रकाना भरू. गोलाच्या पृष्ठभागावर काढलेल्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज खरोखरच १८० पेक्षा जास्त भरते. किती जास्त, ते त्रिकोणाचं क्षेत्रफळ भागिले गोलाच्या त्रिज्येचा वर्ग इतकं. पृथ्वी गोल आहे, म्हणून मोठ्या सर्वेक्षणात हा जादा हिस्सा धरावाच लागतो. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणातही तो धरावा लागत असे. मात्र पृथ्वी इतकी मोठी आहे की जेमतेम एक सेकंद जादा मिळवायला १९६ चौरस किलोमीटरचा त्रिकोण लागतो. एक पूर्ण अंश हवा तर सात लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा त्रिकोण.

वनिताला तो अंश दहा गुंठ्यांत, म्हणजे अर्ध्या खाचराच्या त्रिकोणात मिळाला.

उलटं गणित मांडलं तर कळतं की तिचा त्रिकोण सुमारे २४० मीटर त्रिज्येच्या गोळ्यावर असल्यासारखा वागतोय. खाचर तर सपाट आहे, पाणी उभं राहतं त्यात. म्हणजे वाकलेली आहे ती माती नाही, जागाच वाकलेली आहे. हा माझा नियम. एकदा तो ठरला की त्याच्या मागे परिणाम आपोआप येतात. अशा जागेत हद्द जेवढी असते तिच्या मानाने आत जास्त जागा मावते. वीस गुंठ्यांसाठी, सोपं जावं म्हणून खाचर गोल धरून, हिशेब केला तर जादा जागा निघते साधारण साठ चौरस फूट. एक लहानशी खोली. बांधावरून फिरलात तर ती कुठेच नाही, आतून मोजलंत तर आहे.

हे साठ चौरस फूट मला आधी माहीत नव्हते. नियम ठरवला, कागद-पेन घेतलं आणि ते समोर आले. लेखकाला स्वतःला विस्मय वाटायची हीच जागा आहे. कल्पना नुसती मनात घोळवत ठेवली असती तर ती खोली मला कधीच सापडली नसती.

फँटसी लिहिणाऱ्याने सूत्र मांडायची गरज नाही, पण नियम त्यालाही सुटत नाही. फक्त तो रीत, वचन, मर्यादा किंवा किंमत या रूपात येतो. हेच खाचर राखणदाराचं, म्हणजे जागा राखणाऱ्या अदृश्य शक्तीचं, करून बघा. कोकणात जागेवाला असतो, त्याला वर्षाला नारळ द्यावा लागतो, हे घराघरात माहीत आहे. तुमचा नियम असा ठेवा: जागेवाल्याने एका कुटुंबाला खोलीएवढी जमीन उसनी दिली आहे आणि तिचं माप घेतलं की ती परत जाते. आता वनिताचं मशीन हेच संकट होतं. नियम बदलला की कथेचा कणा बदलतो, पण नियमावाचून दोन्हीकडे चालत नाही. राखणदार प्रसंगाप्रमाणे हवं ते करू शकतो असं झालं, तर त्याने काहीही केलं तरी वाचक जागचा हलणार नाही.

५. तो क्षण लिहा

आता दर्शनाचा क्षण. आधी चुकलेला खर्डा बघा, माझाच आहे:

'वनिता थक्क झाली. तिच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना. हे कसं शक्य होतं? विज्ञानाचे सारे नियम इथे गळून पडले होते. तिला जाणवलं की ती एका अथांग, गूढ, अनाकलनीय शक्तीसमोर उभी आहे.'

यात वनिता कुठेच नाही. तिच्या जागी कोणालाही उभं करा, वाक्य तेच राहील. 'अथांग', 'गूढ' आणि 'अनाकलनीय' हे तिन्ही शब्द एकच काम करतात आणि तिघांकडूनही ते होत नाही. 'विज्ञानाचे नियम गळून पडले' हे तर खोटं आहे, कारण माझ्या वहीत नियम आहे.

दुसरा खर्डा:

'चौथ्यांदा मोजून झालं तेव्हा उन्हं कलली होती. वनिताने तीन कोन वहीत उतरवले, खाली रेघ मारली, बेरीज केली. मग पेनाचं टोपण लावलं.

"बसत नाय काय, मॅडम?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, या खाचरात पेरणीला बी किती लागतं?"

"वीस गुंठ्याला लागतं तेवढंच." ते जरा थांबले. "वर एक मूठ."

"वर कशाला?"

"पुरत नाय. आमचा बापूस बी तसंच टाकायचा. वरची मूठ जागेची, म्हणायचा."

वनिता खाचराकडे बघत राहिली. मदतनीस पलीकडच्या कोपऱ्यात प्रिझम घेऊन उभाच होता. त्याने हात हलवून विचारलं, सरकू का? तिने हात वर केला, पण तो कशासाठी वर केला ते तिला आठवेना.'

इथे काय केलंय ते बघू. खोलीचा उल्लेखच नाही. साठ चौरस फुटांना, फेकून पेरलं तर, भाताचं बी पन्नास-साठ ग्रॅम लागतं, म्हणजे एक मूठ. माझ्या वहीतलं गणित म्हाताऱ्याच्या हातात मूठ होऊन आलं. ज्या गोष्टीने वनिता हादरली ती या घरात दोन पिढ्या दर पावसाळ्यात पाळली जात होती, कोणी चकार शब्द न काढता. आणि वनिताचा वर केलेला हात भरताच्या यादीतला आहे. तिच्या मनात काय चाललंय ते मी एका शब्दाने सांगितलेलं नाही.

अफाट गोष्टीचं माप घरगुती वस्तूने द्यायचं, हा धडा मी गीतेच्या त्याच अकराव्या अध्यायातून घेतला. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन काय बोलतो? तो क्षमा मागतो. 'अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा' अशा हाका मारल्या त्याबद्दल, एकत्र फिरताना, झोपताना, बसताना, जेवताना केलेल्या थट्टेबद्दल. हजार सूर्यांच्या प्रभेने जे झालं नाही ते या ओळींनी होतं. समोर कोण उभं आहे हे आपल्याला खरं कळतं ते पंगतीत केलेल्या त्या थट्टेच्या आठवणीने. तुमचा परग्रहवासी, तुमचं यान, तुमचा हजार वर्षांचा देव पात्राला कुठल्या लहान, लाजिरवाण्या आठवणीपाशी नेतो ते शोधा. सापडलं की मोठी विशेषणं आपोआप खाली पडतात.

आणखी एक. अर्जुन नंतर घाबरतो आणि पुन्हा नेहमीचं रूप दाखव म्हणतो. विस्मयाच्या मागून भय आलं तर येऊ द्या. क्रम मात्र तोच ठेवा.

६. किती उलगडायचं

माझ्या एका जुन्या कथेत शेवटची तीन पानं मी सगळं समजावण्यात घालवली होती. पात्रं समोरासमोर बसून एकमेकांना भौतिकशास्त्र सांगत होती. माझी मेहनत दिसावी ही इच्छा त्यामागे होती. दुसऱ्या रकान्यातली मेहनत दाखवायची नसते, ती पायात असते.

उलट टोकाला काहीच न सांगणारी कथा असते. स्पष्टीकरण दिलं की जादू जाते, या भीतीने लेखक तोंड मिटून बसतो. ही भीती खरी आहे का, ते लोणारला जाऊन बघावं. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. गावात कथा आहे की विष्णूने लवणासुराला इथे मारलं, दैत्यसूदनाचं सुरेख मंदिर आजही उभं आहे. पुढे कोणी ते ज्वालामुखीचं मुख मानलं. मग आघाताने बदललेली खनिजं सापडली आणि नक्की झालं की आकाशातून आलेल्या अशनीने बसाल्टच्या कातळात हा खड्डा पाडला. उत्तर मिळालं. काठावर उभं राहून खाली पाहताना विस्मय कमी होतो का? मला तर वाढलेला वाटला. आणि उत्तरानंतरही प्रश्न शिल्लक आहे: कधी? एका पद्धतीने वय सुमारे पन्नास हजार वर्षं येतं, दुसरीने साडेपाच लाखांच्या पुढे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा त्यामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. सरोवराने पुन्हा एकदा मान वळवायला लावली ती लावलीच.

बेलच्या ठोक्यांचंही तेच झालं. सुरुवातीला त्या स्रोताला 'छोटी हिरवी माणसं' अशा अर्थाचं नाव गमतीने दिलं गेलं. मग आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच दुसरा स्रोत सापडला. दोन वेगळ्या ठिकाणची हिरवी माणसं एकाच वेळी आपल्यालाच हाक मारतील कशी? उत्तर निघालं ते न्यूट्रॉन तारा, सूर्याहून जास्त वस्तुमान एका शहराएवढ्या गोळ्यात कोंबलेलं आणि दर १.३३ सेकंदांनी एक गिरकी घेणारं. हिरव्या माणसांपेक्षा हे कितीतरी विलक्षण होतं. आज नारायणगावजवळ खोडदला आणि आसपासच्या परिसरात पसरलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अशा ठोके देणाऱ्या ताऱ्यांचा, म्हणजे स्पंदकांचा, वेध घेतात. मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्याने तिथला परिसर एकदा तरी पाहावा. द्राक्षांच्या मळ्यांमधून मान वर काढून उभ्या असलेल्या त्या तबकड्या पाहिल्या की घर आणि पाहुणा एकाच नजरेत येतात.

तेव्हा उलगडा करा, पण एक पायरी राखून. आपल्या कथेत वनिताला 'काय' आहे ते कळतं, म्हणजे जागा वाकली आहे. 'किती' तेही कळतं. 'कशामुळे' हे कोणालाच कळत नाही, ते तिसऱ्या रकान्यातलं एकमेव वाक्य. 'काय' कळल्याशिवाय वाचकाला 'कशामुळे'ची ओढ लागणार नाही. म्हणून 'काय' देताना हात आखडता घेऊ नका.

७. पाहुणा गेल्यानंतर

दर्शनापाशी कथा संपवायचा मोह आवरा. अर्जुनालाही त्यानंतर युद्ध लढायचं होतं. पात्राच्या पुढे एक काम, एक निर्णय असायला हवा आणि तो त्याच्या धंद्यातूनच यायला हवा.

वनिताला नकाशा सादर करायचा आहे. हद्दीच्या मापांवरून येणारं क्षेत्र एक, आतून मोजलेलं दुसरं. फॉर्मवर क्षेत्राचा रकाना एकच. जादा साठ चौरस फूट लिहिले तर हिशेब जुळत नाही, फेरमोजणी लागेल, वरचे अधिकारी येतील, तात्यांचं खाचर तात्यांचं राहणार नाही. लिहिले नाहीत तर तिने आयुष्यात पाहिलेली सगळ्यात खरी गोष्ट कागदावर कुठेच नसेल. हा पेच मी ठरवून आणलेला नाही, तो त्या एका अंशातून निघाला. असा पेच निघत नसेल तर समजा, तुमचं अद्भुत पात्राच्या जगण्याला अजून चिकटलेलं नाही. चौथ्या पायरीकडे परत जा.

मग खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा आणि मोठ्याने वाचा. वाचताना दोन गोष्टींवर पेन्सिल फिरवा. जिथे पात्राच्या मनात काय वाटतंय ते तुम्ही सांगितलं आहे ते वाक्य झाकून बघा. आधीच्या हालचालीतून तेच कळत असेल तर काढा. आणि शेवटचा परिच्छेद झाकून बघा. बहुतेक वेळा कथा त्याच्या आधीच संपलेली असते. माझ्या खर्ड्यात वनिता परतीच्या वाटेवर विश्वाबद्दल विचार करत होती, बारा ओळी. त्या मी काढल्या. आता ती बांधावर बसून फॉर्म भरते, क्षेत्राच्या रकान्यात वीस गुंठे लिहिते आणि तात्यांनी पुन्हा चहाचं विचारल्यावर पहिल्यांदाच हो म्हणते. तात्या कप आणायला उठतात तेव्हा ती पायातल्या चपला काढून बाजूला ठेवते आणि अनवाणी खाचरात उतरते.